लायनोटाइप घडवणारा घड्याळजी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. छापण्यासाठी मजकुराची सबंध ओळ धातूत ओतून देणाऱ्या लायनोटाइप यंत्राचे जनक ओटमार मेर्गेनटालर हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले घड्याळ-कारागीर होते. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते आणि छापखान्यात कधी नोकरीही केली नव्हती. मग गुटेनबर्गनंतर चारशे वर्षांहून अधिक काळ कोणाला न सुटलेला यांत्रिक जुळणीचा, म्हणजे यंत्राने अक्षरे जुळवण्याचा, प्रश्न त्यांनाच कसा सुटला, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळाला का?

मी १९७० च्या दशकात मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकाच्या छापखान्यात लायनो विभागात उमेदवार म्हणून लागलो आणि पुढे अठरा वर्षे हीच यंत्रे उघडणे, साफ करणे, जुळवून पुन्हा चालू करणे हे काम केले. आमच्याकडे सगळे या माणसाचे नाव इंग्रजी वळणाने ‘मर्गनथेलर’ असे घेत, कारण ते यंत्राच्या लोखंडावर उठवलेले होते. जर्मन उच्चार मात्र ‘मेर्गेनटालर’च्या जवळचा आहे. त्यांच्या आयुष्याविषयी मला जे कुतूहल निर्माण झाले ते त्यांच्या यंत्रामुळे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, त्यांना हा प्रश्न सुटला तो ते घड्याळजी होते म्हणून आणि जुळारी नव्हते म्हणूनही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही, त्याकडे शेवटी येतो.

आधी कोडे काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे. हाताने जुळणी करणारा जुळारी तिरक्या केससमोर, म्हणजे घरे पाडलेल्या पेटीसमोर, उभा राहतो, तिच्या घरांतून एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा तुकडा, उचलून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ धरणाऱ्या पट्टीत, लावतो, ओळ भरत आली की शब्दांमधले कोरे खिळे कमीजास्त करून ती ठरलेल्या रुंदीला घट्ट बसवतो आणि मजकूर छापून झाला की तोच प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकतो. म्हणजे कामे तीन आहेत: जुळवणे, ओळ बसवणे आणि खिळे परत टाकणे. बाहेरच्या माणसाला पहिलेच काम दिसते. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग तिसरे काम खात असे आणि यंत्रे अडखळत ती दुसऱ्या आणि तिसऱ्या कामापाशी. एकोणिसाव्या शतकात खिळे जुळवणारी यंत्रे पुष्कळ निघाली, पण त्यातली बहुतेक जुळाऱ्याच्या हाताची नक्कल करू पाहत होती. जेम्स पेज यांचे यंत्र हे त्याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण. सुमारे १८,००० सुट्या भागांचे ते यंत्र तयार खिळे उचलून लावत असे, परत टाकतही असे आणि चालले तर देखणे चालत असे. पण ते टिकून चालेना, आणि त्यात पैसा गुंतवणारे लेखक मार्क ट्वेन १८९४ साली दिवाळखोर झाले. खिळा ही नाजूक, हलकी, मऊ धातूची वस्तू आहे. तिला यंत्राने सतत फिरवत राहणे हाच मुळात चुकीचा मार्ग होता, पण हे कळण्यासाठी खिळ्यांवरचे प्रेम नसलेला माणूस लागत होता.

ओटमारचा जन्म ११ मे १८५४ रोजी व्यूर्टेंबर्गच्या राज्यात, बाट मेर्गेनटहाइम या गावाजवळच्या हाख्टेल या खेड्यात झाला. वडील शाळामास्तर होते. लवकरच कुटुंब एन्सिंगेन या गावी गेले आणि मुलाचे बालपण तिथे गेले. आई तो लहान असतानाच वारली, पुढे सावत्र आई आली, आणि मास्तरांच्या घरात असते तशी शिस्त आणि ओढग्रस्त दोन्ही होती. मुलाने आपल्यासारखे शिक्षक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचे लक्ष मात्र गावच्या चर्चच्या घड्याळाकडे होते. ते बंद पडलेले घड्याळ त्याने कोणाला न सांगता चालू केले, अशी आठवण त्याच्या चरित्रात येते. तंत्रशाळेत जायचे तर पैसा नव्हता. अखेर १८६८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, सावत्र आईचे भाऊ लुई हाल यांच्या बीटिगहाइम येथील घड्याळाच्या दुकानात त्याला चार वर्षांच्या उमेदवारीवर ठेवण्यात आले. दिवसा दुकान, रात्री आणि रविवारी गावातली तांत्रिक शाळा. त्या शाळेत तो यांत्रिक आरेखन शिकला. माझ्या मते या आरेखनाला त्याच्या आयुष्यात फार मोठे स्थान आहे. हाताने बनवणारे कारागीर पुष्कळ असतात, पण जे अजून बनलेले नाही ते कागदावर मापात उतरवणारा कारागीर दुर्मीळ असतो.

घड्याळाच्या दुकानातली उमेदवारी माणसाला काय शिकवते हे मी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे लायनोच्या दुरुस्तीतून शिकलो. घड्याळात एकच मुख्य शक्ती असते, गुंडाळलेली स्प्रिंग, आणि बाकी सर्व काम त्या शक्तीला योग्य क्षणी सोडण्याचे आणि रोखण्याचे असते. लायनोत तसेच आहे. मुख्य दंडावर ओळीने बसवलेले कॅम, म्हणजे उंचसखल कडेच्या चकत्या, एक फेरा घेतात, आणि त्या एका फेऱ्यात ओळ पकडणे, ओतणे, तासणे, बाहेर काढणे आणि साचे परत पाठवणे ही सगळी कामे एकामागून एक, एकमेकांच्या पायात न येता होतात. मातृका, म्हणजे एका अक्षराचा पितळी साचा, फक्त स्वतःच्या वजनाने खाली घसरते. तिला ढकलायचे नाही, फक्त क्षणभर सोडायचे. कळ दाबली की जो छोटा अडसर एका मातृकेला वाट देतो आणि मागच्या मातृकेला अडवतो, तो पाहताना घड्याळातल्या एस्केपमेंटची, म्हणजे चाकाला एका वेळी एकच दात पुढे सोडणाऱ्या अडसराची, आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

१८७०-७१ चे फ्रान्सशी युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांमुळे जर्मनीत कामे मिळेनाशी झाली होती आणि तरुण मुलांपुढे सक्तीची लष्करी नोकरी उभी होती. मालकाचा मुलगा ऑगुस्ट हाल अमेरिकेत वॉशिंग्टन येथे विजेची घड्याळे, घंटा आणि शास्त्रीय उपकरणे बनवण्याचे वर्कशॉप चालवत होता. त्याने प्रवासाचे पैसे उसने पाठवले आणि ऑक्टोबर १८७२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मेर्गेनटालर बाल्टिमोरच्या बंदरात उतरले व तिथून वॉशिंग्टनला गेले. ही स्थलांतराची पद्धत आपल्याकडच्या वाचकांना परकी वाटणार नाही. गिरणीत लागलेला कोकणातला माणूस जसा गावच्या मुलाला बोलावून घेई, तसेच हे होते. अनोळखी देशात पहिला आधार नात्याचा आणि त्याच कामाचा होता.

वॉशिंग्टनमधली नोकरी त्यांच्या दृष्टीने दुसरी शाळाच ठरली. त्या काळी अमेरिकेत पेटंटच्या अर्जाबरोबर यंत्राचा छोटा चालता नमुना द्यावा लागे आणि शहरातली वर्कशॉपे शोधकांसाठी असे नमुने बनवून देत. दुसऱ्याच्या डोक्यातली अर्धवट कल्पना घेऊन तिला पितळ-पोलादात उभे करणे, आणि ती कुठे अडणार हे शोधकाच्या आधी ओळखणे, हे तिथले रोजचे काम होते. त्याबरोबर सरकारच्या हवामान-निरीक्षण खात्यासाठी वारा आणि पाऊस मोजण्याची उपकरणेही तिथे बनत. पुढे १८७३ च्या मंदीचा फटका बसल्यावर हाल यांनी वर्कशॉप बाल्टिमोरला हलवले. या शहरात जर्मन वस्ती मोठी होती, आणि मेर्गेनटालर यांचे पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य तिथेच गेले. १८७८ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. १८८१ मध्ये त्यांनी एमा लाखेनमायर यांच्याशी विवाह केला.

छापण्याचे कोडे त्यांच्या टेबलावर आले ते १८७६ च्या उन्हाळ्यात. वॉशिंग्टनमधील न्यायालयीन लघुलेखक जेम्स क्लेफेन यांना आपले अहवाल छापखान्याच्या दिरंगाईशिवाय छापून हवे होते. हेच क्लेफेन यापूर्वी शोल्स यांच्या टंकलेखन यंत्राचे सुरुवातीचे नमुने वापरून वापरून मोडत असत आणि दोष कळवत असत. त्यांच्या पाठबळावर चार्ल्स मूर यांनी एक यंत्र बनवले होते. ते टाइपरायटरसारखे होते, कागदाच्या पट्टीवर शिळाछापाच्या शाईने अक्षरे उठवी, आणि ती पट्टी दगडावर उतरवून छापायचे असा बेत होता. यंत्र नीट चालत नव्हते म्हणून ते हाल यांच्या वर्कशॉपात आले. मेर्गेनटालर यांनी ते तपासून दोष सांगितले आणि दुरुस्त आवृत्ती बनवली. ती चालली, पण दगडावरचा ठसा मात्र कधी चांगला, कधी फिका येई. मग क्लेफेन यांनी अक्षरे कागदाच्या लगद्यात दाबून साचा करावा आणि त्यात धातू ओतावा अशी कल्पना मांडली. मेर्गेनटालर यांना ती पटली नव्हती, तरी त्यांनी यंत्र बनवले. लगद्यात एक अक्षर दाबले की शेजारच्या अक्षराचा ठसा सरकतो, आणि ओला लगदा धातूला चिकटतो. या दोन गोष्टींपुढे कोणतीही बारकाई चालेना. १८७९ च्या सुमारास हे काम सोडून द्यावे लागले.

या अपयशी वर्षांकडे मी अधिक आदराने पाहतो, कारण पुढचे यश तिथून आले आहे. त्यांनी लगदा सोडला, पण लगद्यामागची कल्पना त्यांच्या मनात टिकली: फिरवायचे ते खिळे नसून साचे, आणि खिळा दरवेळी नव्याने ओतायचा. १८८३ साली स्वतःचे वर्कशॉप काढल्यावर ते क्लेफेन यांच्या मंडळींसाठी पुन्हा याच प्रश्नाकडे वळले. प्रथम त्यांनी धातूच्या उभ्या पट्ट्या वापरल्या. प्रत्येक पट्टीवर सगळी वर्णमाला असे, आणि पट्ट्या वरखाली सरकवून हवी ती अक्षरे एका ओळीत आणली जात. सुरुवातीला या पट्ट्याही लगद्यातच ठसा उठवत. आगगाडीच्या एका प्रवासात त्यांच्या मनात असे आले की, ठसा उठवण्याचे एक यंत्र आणि धातू ओतण्याचे दुसरे, असे का हवे? पट्ट्यांवर उंच अक्षरांऐवजी खोलगट अक्षरे कोरली तर त्याच जागी, त्याच क्षणी वितळलेला धातू ओतून सबंध ओळ काढता येईल. या रचनेचे पेटंट ऑगस्ट १८८४ मध्ये मिळाले. फेब्रुवारी १८८५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या सन्मानार्थ मेजवानीही झाली.

आणि इथे कारागिराची खरी पारख होते. यंत्र चालत होते, भांडवलदार खूष होते, पण त्यांना स्वतःला ते पसंत नव्हते. पट्टीवरचे एक अक्षर खराब झाले की सगळी पट्टी बदलावी लागे. ओळीत चूक झाली तर ती जुळवताना दिसत नसे. म्हणून त्यांनी पट्टी तोडून प्रत्येक अक्षराची पितळी मातृका सुटी केली. चालणारे यंत्र बाजूला ठेवून पुन्हा नव्याने सुरुवात करायची, हे पैसा लावणाऱ्यांना समजावणे सोपे नव्हते. तरी त्यांनी ते केले. या रचनेत मातृका उभ्या नळ्यांत ठेवलेल्या असत आणि हवेच्या झोताने आपापल्या जागी जात, म्हणून ते यंत्र ‘ब्लोअर’ म्हणून ओळखले गेले.

पण सुट्या मातृका म्हटल्या की जुने कोडे पुन्हा आले. ओळ ओतून झाल्यावर प्रत्येक मातृका तिच्या घरात कशी परत जाणार? जुळाऱ्याचे तिसरे काम ते हेच. याचे उत्तर म्हणजे माझ्या मते या सगळ्या यंत्रातला सर्वात सुंदर भाग आहे. मातृका म्हणजे बोटाच्या पेराएवढी, चपटी पितळी चकती. तिच्या एका कडेवर अक्षर खोलगट कोरलेले असते, आणि वरच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असते. त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना दातांच्या सात जोड्यांसाठी जागा आहे. प्रत्येक अक्षराच्या मातृकेवर यातले काही दात ठेवलेले आणि काही कापून टाकलेले असतात. म्हणजे प्रत्येक अक्षराची दातांची स्वतःची जुळणी असते. सात जागांवर दात आहे किंवा नाही, एवढ्यावरून १२८ वेगळ्या जुळण्या होतात आणि लायनोच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मातृका ठेवायच्या पेटीत, घरे असतात ९०. ओळ ओतून झाली की एक लांब हात खाली येऊन सर्व मातृका उचलतो व यंत्राच्या माथ्यावर नेतो. तिथे एक आडवा दांडा आहे, त्याला लांबीच्या दिशेने सात कंगोरे आहेत आणि ते ठराविक ठिकाणी तुटलेले आहेत. मातृका दातांनी दांड्याला लटकतात, फिरणारे स्क्रू त्यांना पुढे सरकवतात, आणि जिथे एखाद्या मातृकेच्या सर्व दातांखालचा आधार एकाच वेळी संपतो तिथे ती खाली पडते. त्याच्या नेमके खाली तिचे घर असते. कोणी पाहत नाही, कोणी निवडत नाही, वजन आणि आकार एवढ्यावर काम होते. आज ज्याला आपण द्विमान संकेत म्हणतो तो या माणसाने पितळेत कानसून ठेवला होता.

उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी आमच्या एका यंत्रावर विचित्र चुका येऊ लागल्या. चालक ‘आय’ची कळ दाबत होता आणि मधूनच ‘एन’ पडत होता. त्याच्या बोटांचा दोष समजून मुद्रितशोधक वैतागले. वस्तादांनी यंत्र थांबवले, ‘आय’च्या घरातल्या मातृका एकेक करून दिव्याखाली धरल्या, आणि एक माझ्या हातात ठेवली. तिच्यावर ‘एन’ होते. खाचेतला एक दात इतका झिजला होता की दांड्याचा कंगोरा तिला तिच्या घरापर्यंत नेऊच शकत नव्हता, ती एक घर आधीच गळून पडत होती. केसाएवढ्या झिजेने अक्षर बदलते, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले. हे यंत्र घड्याळजीखेरीज दुसऱ्या कोणाला सुचले नसते असे मी म्हणतो ते या मापांमुळे.

ओळ रुंदीला बसवण्याचे काम, म्हणजे दुसरे काम, पाचरींनी होते. शब्दांच्या मध्ये पोलादी दुहेरी पाचर टाकतात. ओळ साच्यासमोर आली की सगळ्या पाचरी एकदम खालून वर ढकलल्या जातात आणि सर्व मोकळ्या जागा सारख्या फुगून ओळ घट्ट होते. या दुहेरी पाचरीचे श्रेय मात्र मेर्गेनटालर यांना देता येत नाही. तिचे पेटंट जेकब शुकर्स यांच्याकडे होते, त्यावरून कज्जे झाले, आणि शेवटी लायनो बनवणाऱ्या कंपनीला ते हक्क विकत घ्यावे लागले. थोर माणसाच्या गोष्टीत असे तपशील गाळण्याची आपल्याला सवय असते. पण यंत्र एकट्याचे नसते हे यंत्रशाळेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पाचर चढून ओळ घट्ट झाली नाही तर काय होते हेही मला ठाऊक आहे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा सुमारे २८५ अंश सेल्सिअस तापलेला रस फटीतून बाहेर उडतो. माझ्या डाव्या मनगटावर त्याचा डाग आहे. ओळ पुरी भरली नसताना मी ती पुढे पाठवली होती, चूक माझीच होती.

३ जुलै १८८६ रोजी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या दैनिकाच्या छापखान्यात हे यंत्र पहिल्यांदा वर्तमानपत्राच्या कामाला लागले. अक्षराअक्षराने जुळवण्याऐवजी एकसंध ओळ ओतली जाते म्हणून ‘लाइन ऑफ टाइप’ आणि त्यावरून लायनोटाइप हे नाव पडले. ते संपादक व्हाइटलॉ रीड यांच्या उद्गारातून आले असे सांगतात. रीड हे या उद्योगात पैसा घालणाऱ्या वर्तमानपत्र-मालकांच्या गटाचे प्रमुखही होते.

आता कारखानदारीची बाजू पाहू. एक यंत्र बनवणे आणि शेकडो यंत्रे बनवणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. प्रत्येक यंत्राला हजाराहून अधिक मातृका लागत आणि प्रत्येक अक्षराच्या मातृका बनवण्यासाठी हाताने कोरलेला पोलादी ठसा लागे. असे ठसे कोरणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ठसा तुटला की पुन्हा तसाच कोरणे कठीण. इथे मिलवॉकीचे लिन बॉइड बेंटन यांचे ठसा कोरण्याचे यंत्र कामी आले. ते त्यांनी आपल्या टाइप-फाउंड्रीसाठी, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्यासाठी, बनवले होते आणि त्याचे पेटंट १८८५ चे आहे. मोठ्या नमुन्यावरून तोच आकार लहान करून पोलादात हवे तितक्या वेळा अचूक कोरता येऊ लागला आणि लायनोची खरी अडचण दूर झाली. मला तर असे वाटते की, बेंटन यांचे यंत्र वेळेवर नसते तर मेर्गेनटालर यांचे यंत्रही पेज यांच्या यंत्रासारखे संग्रहालयातले नवल होऊन राहिले असते.

कंपनीशी मेर्गेनटालर यांचे बिनसले ते याच टप्प्यावर. त्यांना यंत्र आणखी सुधारून मगच ते मोठ्या संख्येने काढायचे होते. रीड आणि भागधारकांना गुंतवलेल्या पैशाचा परतावा लवकर हवा होता. उत्पादन बाल्टिमोरहून ब्रुकलिनला हलवण्याचे ठरले आणि १८८८ मध्ये मेर्गेनटालर कंपनीतून बाहेर पडले. यानंतर त्यांनी जे केले ते मला फार मोठे वाटते. स्वतःच्या वर्कशॉपात बसून त्यांनी यंत्राची रचना पुन्हा मुळापासून बदलली, हवेचा झोत काढून टाकला, मातृका तिरक्या मॅगझिनमधून वजनाने घसरतील असे केले, आणि १८९० साली ते सुधारलेले यंत्र त्याच कंपनीपुढे ठेवले. आम्ही मुंबईत ज्या यंत्रांवर काम केले, ती कितीतरी पुढची मॉडेले होती; पण त्यांचा सांगाडा १८९० च्या या यंत्राचाच होता.

मोबदल्याचे म्हणाल तर, पदके मिळाली. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे इलियट क्रेसन पदक त्यातले महत्त्वाचे. यंत्रामागे ५० डॉलर स्वामित्वधन ठरले, आणि यंत्रे हजारोंनी खपू लागल्यावर ती रक्कम लहान राहिली नाही. बाल्टिमोरमध्ये त्यांचा स्वतःचा कारखाना होता, कुटुंब सुस्थितीत होते. तेव्हा ते फसवले गेलेले गरीब शोधक होते हे चित्र खरे नाही. त्यांच्या हातून गेला तो निर्णयाचा अधिकार. कोणते यंत्र केव्हा तयार झाले हे ठरवण्याचा हक्क कारागिराचा, असे ते मानत होते, आणि कंपनी तसे मानत नव्हती. कंपनीच्या नावात त्यांचे नाव राहिले, पण कारभारात त्यांचा शब्द चालला नाही, आणि याची खंत त्यांनी लपवली नाही.

एक यंत्र चार-पाच जुळाऱ्यांचे काम करते हे दिसल्यावर जुळाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार, हे सांगायला नको. अमेरिकेतल्या जुळाऱ्यांच्या संघटनेने मात्र यंत्र मोडण्याऐवजी यंत्रावरचा चालक आपलाच सभासद असावा यासाठी आग्रह धरला आणि बऱ्याच ठिकाणी तो मान्य करून घेतला. दुसरीकडे वर्तमानपत्रांची पाने वाढली, पुस्तके वाढली, आणि कामही वाढले. तरीही हाताने जुळणी करणाऱ्या वयस्क माणसांना या बदलात जागा मिळाली नसेल, याची मला कल्पना आहे. संगणकावरची जुळणी आली तेव्हा आमच्या विभागातली तशी माणसे मी पाहिली आहेत.

आपल्या लिपीशी या यंत्राचे नाते अवघडच राहिले. ९० घरांत इंग्रजी सहज मावते. देवनागरीच्या हातजुळणीच्या केसमध्ये जोडाक्षरे आणि मात्रांसह शेकडो खिळे असत. लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’साठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता, तो याच गरजेतून. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हरी गोविंद गोविल यांनी देवनागरी लायनोसाठी आणली. अडचण फक्त संख्येची नव्हती. हाताच्या खिळ्याला शेजारच्या खिळ्यावर डोके टेकवता येते, म्हणून वेलांटी किंवा रफार अक्षराच्या नेमका माथ्यावर बसतो. लायनोच्या मातृका एकमेकींना चिकटून सरळ उभ्या असतात, त्यांना शेजारणीच्या हद्दीत शिरता येत नाही. म्हणून लायनोच्या देवनागरीत चिन्हे किंचित बाजूला पडलेली आणि जोडाक्षरे मोडलेली दिसतात. जुनी पाने हाताळणाऱ्यांनी ही खूण लक्षात ठेवावी.

याच क्षेत्रात एका मराठी माणसानेही परदेशात आयुष्य घातले, ते इथे सांगितलेच पाहिजे. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे लंडनला गेले, दादाभाई नौरोजी यांनी त्यांना हात दिला, आणि सुटे खिळे वेगाने ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी तयार केले. सर रतन टाटा यांच्या पैशातून १९१० साली त्यासाठी मंडळही निघाले. पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ मध्ये तिथेच वारले. मेर्गेनटालर यांच्यापाशी होते ते सगळे त्यांच्यापाशी होते, फक्त मोठ्या वर्तमानपत्र-मालकांचा गट पाठीशी नव्हता आणि शहरात त्यांच्या भाषेचे, त्यांच्या कामाचे हजारो लोक नव्हते. या दोन्ही आयुष्यांची शेजारी शेजारी मांडणी व्हायला हवी.

मेर्गेनटालर यांची प्रकृती १८८८ च्या फुप्फुसाच्या आजारानंतर पूर्वीसारखी राहिली नाही, आणि १८९४ मध्ये क्षय असल्याचे निष्पन्न झाले. कोरड्या हवेसाठी ते अॅरिझोनात आणि मग न्यू मेक्सिकोतल्या डेमिंग या गावी राहायला गेले. आपली आणि यंत्राची हकीकत स्वतःच्या शब्दांत नोंदवून ठेवावी, म्हणून तिथे ते लिहू लागले होते. नोव्हेंबर १८९७ मध्ये घराला आग लागून ते कागद जळाले. १८९८ च्या वसंतात ते बाल्टिमोरला परतले आणि मुलांचे शिक्षक ऑटो शोनरिख यांच्या मदतीने सगळे पुन्हा लिहून काढले. त्याच वर्षी ते छापले गेले. लेखक म्हणून त्यावर त्यांनी आपले नाव घातले नाही आणि स्वतःविषयी सर्वत्र ‘ते’ असे तृतीयपुरुषी लिहिले. २८ ऑक्टोबर १८९९ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.